दुकानात कमरेला पिस्तूल: काय चालतं, कुठे चालतं आणि आपल्याला काय लागू होतं?

सांडगी मिरची (प्लेनो, टेक्सास)

गेल्या शनिवारी सासूबाईंना घेऊन इथल्या एका देशी किराणा दुकानात गेले होते. नुकत्याच पुण्याहून आल्यात, त्यामुळे भेंडीचं प्रत्येक टोक मोडून बघणं चालू होतं. शेजारी एक पन्नाशीचा गोरा माणूस हिरव्या मिरच्या पिशवीत भरत होता. टोपी, कार्गो पँट आणि उजव्या कमरेला होल्स्टरमध्ये काळं पिस्तूल. वर्दी नाही, बिल्ला नाही. सासूबाईंनी माझा दंड धरला. "अगं, साध्या कपड्यातला पोलीस का हा?" मी हो म्हणून वेळ मारून नेली. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "मालकांनी पाटी नाही लावलेली, आम्ही काय बोलणार?"

या पाटीच्या उत्तराने डोक्यात किडा सोडला. आठवडाभर वाचलं, त्यातलं जे समजलं ते लिहिते. मी वकील नाही. जाणकारांनी भर घालावी.

टेक्सास म्हणजे पहिल्यापासून काउबॉय आणि कमरेला पिस्तूल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात १८७१ साली इथे पिस्तूल बाळगण्यावर बंदी आली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं ती या ना त्या रूपात टिकली. लपवून पिस्तूल बाळगायचा परवाना मिळायला लागला तो १९९५ च्या कायद्याने. परवानाधारकाला ते उघडपणे कमरेला लावायची मुभा मिळाली १ जानेवारी २०१६ पासून. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याची अटच गेली. वय किमान एकवीस, कायद्याने शस्त्र बाळगायला मनाई नाही आणि ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेली नाही, तर पिस्तूल घेऊन फिरता येतं. दिसत असेल तर होल्स्टरमध्ये हवं. (अठरा ते वीस वयाच्या मुलांचं काय, यावर २०२२ मध्ये फेडरल (केंद्रीय) कोर्टाने वेगळा निकाल दिलाय, तो फाटा सध्या सोडते.) गंमत म्हणजे लांब नळीच्या बंदुकीला, म्हणजे रायफलला, हे परवान्याचं बंधन आधीही नव्हतं. माणूस रायफल खांद्याला लावून बर्गर खायला जाऊ शकत होता, पिस्तूल लावून नाही.

आता पाटी. दुकान ही खाजगी जागा, त्यामुळे मालक नको म्हणू शकतो. पण नको म्हणायची रीत कायद्यात ठरलेली आहे. दंडसंहितेत तीन कलमं आहेत. ३०.०५ परवाना नसलेल्यांसाठी, ३०.०६ परवाना असून लपवून बाळगणाऱ्यांसाठी, ३०.०७ परवाना असून उघड बाळगणाऱ्यांसाठी. शेवटच्या दोन पाट्यांवरचा मजकूर शब्दशः ठरलेला आहे. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत हवा, उठून दिसेल अशा रंगात हवा आणि अक्षरं किमान एक इंच उंचीची. पिस्तुलावर लाल काट मारलेला गोल स्टिकर आपण दारांवर बघतो ना, परवानाधारकाच्या बाबतीत त्याला इथे कायदेशीर नोटीस धरत नाहीत.

पाटी असून आत गेलात तर दोनशे डॉलरपर्यंत दंड. पण कोणी तोंडी सांगूनही बाहेर पडला नाहीत, तर प्रकरण एकदम वरच्या इयत्तेत जातं: वर्षभरापर्यंत तुरुंग आणि चार हजार डॉलरपर्यंत दंड.

ज्या दुकानात हे घडलं त्याच्या काचेवर योगा क्लास, गरबा, आंब्याच्या पेट्यांचं बुकिंग, टॅक्स भरून देणारे काका, सगळ्यांचे कागद चिकटवलेले आहेत. ही पाटी तेवढी नाही. म्हणजे तो मिरचीवाला पूर्णपणे कायद्यात होता.

प्रश्न असे: तुमच्या राज्यात काय? असं कोणी दिसलं तर तुम्ही काय करता? आणि इथल्या कोणाकडे स्वतःकडे आहे का?

---

बोरकूट (ह्यूस्टन)

चांगला धागा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर: आहे. दहा-बारा वर्षं परवाना आहे, सिटिझन झाल्यावर काढला. लपवून बाळगतो. उघड कधीच नाही, कारण दुकानात चार लोकांना घाम फोडून मला काय मिळणार? शिवाय कोणाला काही करायचंच असेल तर ज्याची बंदूक दिसते त्याच्यापासून तो सुरुवात करेल, हा साधा हिशोब.

लोक विचारतात, परवान्याची अट गेली तर परवाना कशाला? तीन कारणं सांगतो. एक, दुसऱ्या राज्यात गेल्यावर टेक्सासचा परवाना चालतो की नाही ते बघता येतं, परवानाच नसेल तर बघायला काही उरत नाही. दोन, नवीन बंदूक घेताना दुकानातली गुन्हेगारी नोंदींची फोनवरची तपासणी वाचते. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आणि बहुतेकांना माहीत नसलेलं. शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेणं हा फेडरल गुन्हा आहे. त्यातून सूट कोणाला, तर ज्याला त्याच राज्याने परवाना दिलाय त्याला. "आमच्या राज्यात परवाना लागत नाही" हे फेडरल कायद्याला पुरत नाही. आता तुमच्या आमच्या सबर्बमध्ये नकाशा उघडून प्रत्येक शाळेभोवती हजार फुटांचं वर्तुळ काढा. अर्धी किराणा दुकानं त्यात सापडतील. प्रत्यक्षात यासाठी कोणी दुकानाबाहेर दबा धरून बसत नाही, पण दुसऱ्या कशात अडकलात तर हे कलम जोडलं जाऊ शकतं.

आणखी दोन जागा. बारच्या दारावर लाल अक्षरात ५१% लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ त्या जागेचं निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथेच बसून प्यायच्या दारूचं. तिथे परवाना असो नसो, बंदूक बंद. दुसरी जागा पोस्ट ऑफिस. पोस्टाचा नियम पार्किंगलाही लागू आहे. त्यावर कोर्टकज्जे चालू आहेत, पण आपण त्यातला नमुना खटला होण्याची हौस बाळगू नये.

---

झणझणीत (सनीव्हेल)

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

कंदील (एडिसन, न्यू जर्सी)

आमच्याकडे असा मिरचीवाला दिसला असता तर पाच मिनिटांत चार पोलीस गाड्या आल्या असत्या. जर्सीत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं हा सरळ तुरुंगाचा गुन्हा, आणि परवाना असला तरी उघडं ठेवायचं नाही.

बोरकूट म्हणतात तो दुसऱ्या राज्याचा मुद्दा इथे फार दुखतो. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक बाई अटलांटिक सिटीच्या बाजूला आली होती. दोन मुलांची आई, पेनसिल्वेनियाचा रीतसर परवाना. वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा परवाना. जर्सी तो परवाना मानतच नाही. अटक झाली, किमान तीन वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार, महिनाभराहून जास्त कोठडी. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली. नदीवरचा एक पूल ओलांडला एवढाच तिचा अपराध.

बंदूक गाडीत घेऊन राज्यं ओलांडायची असतील तर १९८६ चा फेडरल कायदा थोडं संरक्षण देतो: गोळ्या काढलेल्या, कुलूपबंद, हाताशी येणार नाही अशी. आणि जिथून निघालात व जिथे पोचणार त्या दोन्हीकडे ती बाळगणं कायदेशीर हवं. ग्लव्ह बॉक्स यात चालत नाही, त्याला कुलूप असलं तरी.

न्यूयॉर्कमध्ये १९१३ पासून परवान्यासाठी 'सबळ कारण' दाखवावं लागायचं. सर्वोच्च न्यायालयाने ते जून २०२२ मध्ये रद्द केलं. त्यावर न्यूयॉर्कने लगेच संवेदनशील जागांची लांबलचक यादी काढली, टाइम्स स्क्वेअरसकट. हवाईने तर पाटीचा नियमच उलटा केला: दुकानदाराने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच बंदूक आत न्यायची. ते भांडणही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलंय. म्हणजे टेक्सासमध्ये मौन म्हणजे होकार, हवाईत मौन म्हणजे नकार.

---

मोदकपात्र (नेपरविल, इलिनॉय)

इलिनॉयची भर. लपवून बाळगायला परवानगी देणारं हे सगळ्यात शेवटचं राज्य, २०१३ साली, तेही कोर्टाने कान पिळल्यावर. उघड बाळगणं बंदच. आणि मिरची ताईंनी सांगितलेला तो गोल स्टिकर इथे खरा आहे बरं का. स्टेट पोलिसांनी ठरवून दिलेला, चार इंच बाय सहा इंच, पांढऱ्यावर पिस्तूल आणि लाल काट. टेक्सासमध्ये जो शोभेचा, तो इथे कायदा.

---

तिरफळ (ऑस्टिन)

सगळं छान चाललंय, पण या संस्थळावरच्या निम्म्या लोकांना ज्याची खरी गरज आहे ते अजून कोणी बोललंच नाही. व्हिसा.

तुम्ही एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू अशा कोणत्याही तात्पुरत्या व्हिसावर आला असाल, तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक *आणि गोळ्या* बाळगायला मनाई आहे. राज्याने परवान्याची अट काढली असली तरीही. मिरची ताईंच्या वाक्यात 'कायद्याने शस्त्र बाळगायला मनाई नाही' अशी जी अट आली, तिच्यात आपण अडकतो. २०२२ पासून याची कमाल शिक्षा पंधरा वर्षं झाली आहे. अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकारीचा परवाना. तो खेळाच्या सामानाच्या दुकानात काही डॉलरला मिळतो आणि काही देशी मंडळी तेवढ्यासाठी काढतातही. पण त्याच्या जोरावर काही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दोनशे डॉलर द्या, ते स्वस्त पडतील.

'बाळगणं' म्हणजे विकत घेणंच नव्हे. नेमबाजीच्या रेंजवर बंदूक भाड्याने घेऊन नेम धरणंही त्यात येतं. आता डोळ्यांसमोर आणा: ऑफिसची टीम आउटिंग, मॅनेजर म्हणतो चला रेंजवर. किंवा भारतातून बाबा आलेत, 'टेक्सासला आलोय तर एकदा बार काढून बघू', कानावर हेडफोन, हातात ग्लॉक, फोटो थेट फॅमिली ग्रुपवर. बाबा व्हिजिटर व्हिसावर. कोणी अटक करायला येत नाही हे मान्य, पण लेखी पुरावा आपणच तयार करून साठ नातेवाइकांना पाठवतो. रेंजवरच्या फॉर्मवर याबद्दलचा प्रश्न बऱ्याचदा असतो आणि लोक न वाचता सही ठोकतात.

ग्रीन कार्ड मिळालं की ही मनाई जाते. पण ग्रीन कार्डवाल्यांनीही जपून. शस्त्राशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलात तर हद्दपारीचं स्वतंत्र कलम आहे, त्यात गुन्हा फार मोठा असण्याची अटही नाही. जन्मजात सिटिझनला जे प्रकरण दंड भरून मिटतं ते आपल्याला मायदेशी पोचवू शकतं.

आणि एक, गांजा. राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही. गांजा ओढणारा बंदूक बाळगू शकत नाही, आणि विकत घेतानाच्या फॉर्मवर हा प्रश्न स्पष्ट शब्दांत असतो. कोलोरॅडोवाल्यांनी नोंद घ्यावी.

---

सांडगी मिरची

तिरफळ, दंडवत. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने अगदी हेच केलं, आजोबांसकट. त्यांना हा धागा पाठवते.

---

उंबरठा (सावंतवाडी)

अमेरिकेचं चालू द्या, आमचंही थोडं ऐका. अवांतर वाटलं तर संपादकांनी उडवावं.

आमच्याकडे शेतीसंरक्षणाची बंदूक असते. बहुतेक ठासणीची, आजोबांच्या नावावरची, वारसाने परवाना फिरवत आणलेली. गोव्यातही तशीच. वानर, रानडुक्कर, गवे, कोणाकोणाला हाकलणार? नूतनीकरणाला हेलपाटे, आणि निवडणूक लागली की आचारसंहिता म्हणून बंदूक पोलीस ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. वानरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे त्या काळात केळी त्यांची.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक हा हक्क नाही, सरकारने दिलेली सवलत आहे. परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देणार, का हवा ते तुम्ही पटवायचं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका केल्या, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अपवाद म्हणाल तर आमच्या पलीकडचे कोडगूचे कोडव. त्यांना ब्रिटिश काळापासून परवान्यातूनच सूट आहे.

त्यामुळे कोणी कमरेला पिस्तूल लावून बाजारात मिरच्या घेतोय हे वाचून आधी हसलो. मग आठवलं, आपल्याकडेही 'भाऊं'च्या मागे चार जण उभे असतात, शर्टाखाली काय आहे ते सगळ्या गावाला माहीत असतं. फक्त त्यांना मिरच्या स्वतः घ्याव्या लागत नाहीत.

---

झणझणीत

उंबरठा, शेवटचं वाक्य खल्लास.

---

पंपवाला (जॉर्जियातला एक छोटा गाव)

मी काउंटरच्या पलीकडचा माणूस, म्हणून लिहितो. पेट्रोल पंप आणि त्याला जोडून छोटं दुकान, भागीदार गुजराती. रात्रपाळीला एकच माणूस. लुटीचा अनुभव एकदा घेऊन झालाय, त्याचं वर्णन करत नाही.

पाटी लावावी की नाही यावर आमच्या दोघांत वर्षभर वाद झाला. भागीदाराचं म्हणणं, पाटी लावली की चोराला कळतं आत कोणाकडे काही नाही. आणि नेहमीची गिऱ्हाइकं, सकाळी कॉफी-सिगारेट घेणारे शिकारी, सुतार, यांना अपमान वाटतो. माझं म्हणणं, दारू पिऊन रात्री बारा वाजता येणाऱ्याच्या कमरेला बंदूक असली तर माझ्या काउंटरवरच्या पोराने काय करायचं? शेवटी पाटी लावली नाही. मोठ्या साखळी दुकानांनी काय केलं ते बघितलं, त्यांनीही बहुतेक सुवर्णमध्यच काढलाय. स्टारबक्सने २०१३ मध्ये पत्र काढून 'कृपया आणू नका' अशी विनंती केली, बंदी नाही. २०१४ मध्ये चिपोटले आणि टार्गेटनेही तेच केलं, काही मंडळी टेक्सासमध्ये रायफली घेऊन जेवायला आणि खरेदीला जायला लागल्यावर. वॉलमार्टने सप्टेंबर २०१९ मध्ये, टेक्सासमधल्या एल पासोच्या त्यांच्या दुकानातल्या गोळीबारात तेवीस माणसं गेली त्यानंतर, उघडपणे बाळगू नका अशी विनंती केली आणि पिस्तुलाच्या गोळ्या विकणं बंद केलं. मग क्रोगर, वॉलग्रीन्स, सीव्हीएस त्याच वाटेने गेले. सरळ 'नाही' म्हणणारं मोठं नाव म्हणजे कॉस्टको, तिथे पोलिसांखेरीज कोणालाच नाही. सभासदत्व असतं, त्यामुळे त्यांना परवडतं.

विनंती आणि बंदी यातला फरक काउंटरवरच्या पोराला कळतो. विनंती न पाळणाऱ्याला हटकायचं काम त्याच्या गळ्यात पडत नाही. ताशी बारा डॉलरमध्ये ते पडूही नये.

---

पावसाळी (टॅम्पा)

फ्लोरिडात सध्या हेच गाजतंय. २०२३ मध्ये लपवून बाळगायला परवान्याची अट गेली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अपील कोर्टाने उघड बाळगण्यावरची बंदीही घटनाबाह्य ठरवली. पब्लिक्स या इथल्या मोठ्या किराणा साखळीने सांगितलं, आम्ही राज्याचा कायदा पाळू. म्हणजे आता पालकाच्या जुड्यांशेजारी पिस्तूल दिसू शकतं. पण एक गोष्ट इथे कडक आहे. दुकानदाराने जा म्हटल्यावर बंदुकीसकट थांबलात तर तो साधा अतिक्रमणाचा गुन्हा राहत नाही, थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा होतो.

---

चतकोर (कोलंबस, ओहायो)

सगळे कलमांबद्दल बोलताय. कलम कोणासाठी कसं वाचलं जातं त्याबद्दल दोन ओळी.

ऑगस्ट २०१४, ओहायोतलं बीव्हरक्रीक. बावीस वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा वॉलमार्टमध्ये फोनवर बोलत फिरत होता. हातात शेल्फवरून उचललेली छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे त्याच दुकानात विकायला ठेवलेला माल. कोणीतरी ९११ ला (तातडीच्या मदतीचा नंबर) फोन केला की एक माणूस लोकांवर बंदूक रोखतोय. पोलीस आले आणि काही क्षणांत त्याला गोळ्या घातल्या. ओहायोत खरी बंदूक उघड बाळगणंही तेव्हा कायदेशीर होतं. पोलिसांवर खटला भरायला ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) नकार दिला.

पाच वर्षांनी, एल पासोनंतर पाचच दिवसांनी, मिझुरीतलं स्प्रिंगफील्ड. वीस वर्षांचा गोरा मुलगा चिलखती जाकीट, रायफल आणि शंभरावर गोळ्या घेऊन वॉलमार्टमध्ये शिरला, फोनवर स्वतःचं चित्रीकरण करत. वॉलमार्ट आपला हक्क मानतं का ते बघायला आलो, असं नंतर म्हणाला. मॅनेजरने आगीचा भोंगा वाजवला, लोक पळाले, बाहेर एका सुट्टीवरच्या अग्निशमन जवानाने त्याला पिस्तूल रोखून थांबवलं. जिवंत पकडला गेला, शेवटी कमी गंभीर गुन्हा कबूल करून तुरुंगाबाहेरच राहिला.

मिरची ताई, तुमच्या दुकानातल्या त्या माणसाला तुम्ही 'पोलीस' म्हणून खपवू शकलात. त्याच जागी दाढीवाला, सावळा, आपल्यासारखा कोणी असता तर दुकानातल्या बाकीच्यांनी तेच मानलं असतं का?

---

बोरकूट

चतकोर, हे नाकारत नाहीच. मी लपवून बाळगतो त्यामागे हेही एक कारण आहे, स्पष्ट लिहिलं नव्हतं इतकंच. पोलिसाने गाडी थांबवली तर मी आतला दिवा लावतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि आधी परवान्याबद्दल सांगतो. बायको म्हणते एवढं टेन्शन असेल तर बाळगतोस कशाला. तिच्याकडे मुद्दा आहे.

पण दुसरी बाजूही सांगतो. जुलै २०२२, इंडियानातला ग्रीनवुडचा मॉल. फूड कोर्टात एकाने गोळीबार सुरू केला, तिघं गेले. बावीस वर्षांच्या एका पोराने स्वतःच्या पिस्तुलाने काही सेकंदांत त्याला थांबवलं. त्या मॉलचा नियम होता, आत बंदूक आणायची नाही. इंडियानात अशा नियमाला नुसत्या पाटीने कायद्याचं बळ येत नाही, आणि त्या पोराने तो पाळला नव्हता. पाळला असता तर?

---

चतकोर

आणि जून २०२१, कोलोरॅडोतलं आरवाडा? एका हल्लेखोराने पोलिसाला मारलं, जवळच्या दुकानातला एक ग्राहक धावत बाहेर आला आणि त्याने हल्लेखोराला टिपलं. मग दुसरा पोलीस आला, त्याला हातात बंदूक असलेला माणूस दिसला, आणि त्याने त्या ग्राहकालाच गोळी घातली. ज्याने लोकांचे जीव वाचवले तो मेला.

एकेक उदाहरण काढत बसलो तर दोघांकडेही पुरतील.

---

झणझणीत

पॉपकॉर्न बाजूला ठेवला. कॅलिफोर्नियाची एक नोंद: इथला गोळ्या भरलेली बंदूक उघड बाळगण्यावरचा बंदी कायदा १९६७ चा. सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन, आणि निमित्त ब्लॅक पँथर्स ही कृष्णवर्णीयांची संघटना, तिचे लोक रायफली घेऊन पोलिसांवर नजर ठेवत फिरायचे ते. चतकोर म्हणताहेत तो मुद्दा नवा नाही.

---

दहीपोहे (फ्रिस्को, टेक्सास)

मला कलमांपेक्षा घरची काळजी जास्त. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या एका वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने शॉपिंग कार्टमध्ये बसल्या बसल्या आईच्या पर्सची चेन उघडली आणि आतल्या पिस्तुलाचा चाप ओढला गेला. आई जागीच गेली. तिच्याकडे परवाना होता, पर्सही पिस्तूल ठेवायला खास बनवलेली होती. सगळं नियमात.

तेव्हापासून मुलांच्या प्ले-डेटला मी विचारते, "घरात बंदूक आहे का? कुलपात असते का?" पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली. समोरची टेक्सन आई शांतपणे म्हणाली, "आहे, तिजोरीत आहे, गोळ्या वेगळ्या आहेत, बघायची का?" आता कुत्रा आहे का, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, त्याच यादीत हा प्रश्न. देशी घरांतही विचारा. गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांनी किती घेतल्यात ते दिवाळीच्या पार्टीत पुरुषांच्या कोंडाळ्यात जरा कान दिलात तर कळेल.

---

कंदील

>> असं कोणी दिसलं तर तुम्ही काय करता? <<

या प्रश्नाला कोणी नीट उत्तर दिलं नाही. माझा मेहुणा पोलीस खात्यात आहे, त्याचं म्हणणं लिहितो. पिस्तूल कुठे आहे ते बघा. होल्स्टरमध्ये आहे आणि माणूस आपली खरेदी करतोय, तर तुम्हीही तुमची करा. अस्वस्थ वाटलं तर बाहेर पडा, किंवा मॅनेजरच्या कानावर घाला. हातात आहे, रोखलंय, आरडाओरडा आहे, तर लांब जाऊन ९११. आणि फोनवर *जे दिसतंय तेच* सांगा, 'कमरेला आहे' असेल तर 'कमरेला आहे'. बीव्हरक्रीकचा तो फोन आठवा. त्या माणसाशी वाद घालायला जाऊ नका, फोटो काढायला तर नकोच.

---

सांडगी मिरची

सगळ्यांचे आभार, इतकी माहिती येईल असं वाटलं नव्हतं. अपडेट: काल दुकानाच्या मालकांशी बोलले. भले गृहस्थ आहेत, आंध्रचे. पाटीबद्दल विचारलं तर म्हणाले, दोन्ही भाषांतला मजकूर एक इंचाच्या अक्षरात, तोही तीन पाट्यांचा, लावायचा तर दाराची सगळी काच जाईल, मग आंब्याच्या बुकिंगचा कागद कुठे लावू? मी म्हटलं उघड बाळगणाऱ्यांसाठीची ३०.०७ तरी लावा. भागीदाराला विचारून सांगतो म्हणालेत.

सासूबाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: "मग पोलिसांना कसं कळतं कोण चोर ते?"

---

पंपवाला

३०.०७ ची छापील पाटी ऑनलाइन वीस-पंचवीस डॉलरला मिळते, काचेला चिकटणारीही येते. फक्त प्रत्येक दारावर लागते, मागच्या दारानेही गिऱ्हाईक येत असेल तर तिथेही. मालकांना सांगा, लावण्याआधी वकिलाकडून एकदा मजकूर तपासून घ्या. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर कोर्टात पाटीच टिकत नाही.